वळायला जड झालेली जीप

गिअर ऑइलचा करपट वास आला की मला तो दिवस आठवतो. कॅनॉलच्या पाझरानं आमची वाट कायम चिखलाची. काळ्या मातीत जीपचं एक चाक नुसतं गरगर फिरायचं, दुसरं ढिम्म, आणि डेअरीला पोचेपर्यंत कॅनमधलं दूध नासून जायचं. सोलापूरचा मिस्त्री म्हणाला, "मालक, मागल्या दोन चाकांच्या मधी लॉकवालं डिफरन्शियल बसवा, पाहिजे तेव्हाच दोन्ही चाकं जोडून फिरतात. पण महाग हाय. स्वस्तात पाहिजे तर हाय त्याच डिफरन्शियलच्या आतले गिअर वेल्डिंगनं जोडतो. मग चाकं कायमचीच जोडली, गाडी वळायला लई जड." मी म्हटलं, "जोड. वळवायला माझे हात हायत की." दुसऱ्या दिवशी जीप चिखलातून म्हशीसारखी सरळ वर आली, पण डेअरीच्या वळणावर टायर किंचाळले आणि स्टेअरिंग ओढता ओढता मी घामाघूम झालो. शेजारी कॅन धरून बसलेली बायको म्हणाली, "तुमच्यासारखीच झाली की ही. धरली वाट सोडत न्हाय." मी म्हटलं, "म्हणून तर दूध पोचलं." ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. आता ती न्हाय, आणि वळण घेताना माझे खांदे भरून येतात. पोरगं म्हणतं, आता तरी चांगलं लॉक बसवू, गाडी हलकी वळंल. मी हात लावू देत न्हाय.