पिशव्यांसाठी घेतलेलं हँडल

सिताराम आमच्या कोपरखैरण्याच्या सेक्टरात सायकलवरून वाचनालय चालवायचा. गिरगावातला छापखाना बंद पडला, तेव्हा छपाईचे खिळे जुळवणाऱ्या या माणसाने जमवलेली पुस्तकं नि मासिकं घेऊन इकडे बिऱ्हाड थाटलं. दर मंगळवारी खालून "वैनी, पुस्तक!" अशी हाक यायची. मी तिसऱ्या मजल्यावरून आणि शेजारी आपापल्या मजल्यांवरून दोरीला बांधलेली पिशवी सोडायचो, तो जुनं काढून नवं टाकायचा. वर्गणीसुद्धा त्याच पिशवीतून खाली जायची. जिने उतरायचा मला भारी कंटाळा, आणि त्याला चढायला वेळ नसे.

शहाण्णव साली त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं मला वाटू लागलं. मला शेअर बाजाराचं साप्ताहिक, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त जमादारांना बाळंतिणीच्या लाडवांचा विशेषांक! मी वरूनच तोंडसुख घेतलं, "डोळे फुटले का रे तुझे?"

तो खालमानेनेच म्हणाला, "डोळं बरं हायेत वैनी. मान वर होत न्हाई. कुठली पिशवी कुठल्या मजल्यावरनं आली, दिसतच न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी त्याला गळ्यात पट्टा घालायला नि सायकल सोडायला सांगितलं होतं. सायकल सुटली की वाचनालय संपलं. जिथे तिथे कॉम्प्युटर आलेले, चाळिशी उलटलेल्या माणसाला खिळे जुळवायला कोण ठेवणार?

आमच्या ह्यांना, म्हणजे नंदकुमारना, सायकलीतच काही खोट आहे का बघायला मी बळेच त्याच्याबरोबर बोनकोड्याला गोटीरामच्या सायकल दुकानात धाडलं. त्यांनी येऊन सांगितलेली हकिगत अशी. सितारामने वर्षापूर्वी हौसेने लांब, सरळ हँडल बसवून घेतलं होतं. का, तर दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या पिशव्या लटकवता याव्यात! ते धरायला तो दिवसभर पुढे ओणवा व्हायचा आणि रस्ता दिसावा म्हणून मान वर ताणायचा. गोटीरामने आधी तेच हँडल उंच करून पाहिलं, तर सितारामचे खांदे कानाला भिडले. तेव्हा गोटीराम वैतागला.

"सायकल कोन चालवतंय, तू का पिशव्या? नीट बस. डोले मिट आनि हात पुढं कर, आराम वाटल तिथं."

सितारामचे हात थांबले ते पोटापासून जेमतेम हातभर अंतरावर, कोपरं वाकलेली. गोटीरामने सुतळीने माप घेतलं आणि दूधवाल्यांच्या सायकलला असतं तसं, स्वाराकडे वळलेलं हँडल बसवलं. पिशव्या मागे कॅरियरवर गेल्या.

एवढं करूनही दोन मंगळवार तो पट्टा घालूनच आला. जमादारांचं रहस्यकथांचं पुस्तक माझ्या पिशवीत आलं, ते मी मुकाट्याने वाचलं. आता काही खरं नाही, असं मनात आलं.

तिसऱ्या मंगळवारी हाक आली तशी मी गॅलरीत गेले. सिताराम एक पाय जमिनीला टेकून सीटवर ताठ बसला होता, गळा मोकळा. त्याने हळूहळू मान वर केली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मग माझ्याकडे बघतच राहिला.

"वैनी, तुमाला चष्मा कदी लागला?"

"आठ महिने झाले रे!" मी म्हटलं, आणि इतकं हायसं वाटलं, की तो चष्मा काढून पुसावा लागला.