मंदाताईची करवती काठाची साडी

मंदाताई आज पहाटे गेली, आणि तिला नेसवायची साडी माझ्या गाडीच्या डिक्कीत होती.

ती हीच, हे मला माहीत नव्हतं. सकाळी तिच्या लेकीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा कळलं.

"आईची करवती काठाची टसर सापडून नाही राहिली वं. मी गेली की हीच नेसव, म्हणून सांगून ठेवलं होतं तिनं. तुले माहीत आहे का कुठं आहे?"

"माझ्या डिक्कीत आहे. घेऊन येते," मी म्हटलं.

ती साडी आज संध्याकाळच्या प्रयोगाच्या कपड्यांत होती. मंदाताईनंच दिली होती.

तिला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मंदाताई पोस्टात नोकरीला होती आणि आमच्या हौशी नाटकांसाठी कपडे, भांडी, खुर्च्या, कपाटं गोळा करायची. मी नेपथ्य करते. सेट मी कागदावर काढायचे, तो भरायची ती.

भाड्याचं सामान तिला चालायचं नाही. "त्या खुर्चीत कोणी बसून रडलं नाही वं," म्हणायची. वस्तू लोकांच्या घरूनच मागून आणायची.

एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला काटोलला गेली. परत आल्यावर मी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे. पण त्यांचा टीपॉय पाहाले पाहिजे होता तू!"

लग्न झालं. टीपॉय आमच्या दोन नाटकांत काम करून गेला. नवरीचे बाबा स्वतः एसटीत टाकून घेऊन आले होते.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्या सगळ्यांच्या घरी शिकवतात. मंदाताईनं हे फर्निचरलाही लावलं.
टेबल परत गेलं की ड्रॉवरमध्ये चिवड्याचा पुडा. कपाट परत गेलं की खालच्या कप्प्यात संत्री.

एका घरी ते कपाट महिनाभर कुणी उघडलंच नाही.
त्या काकू अजूनही मला पाहिलं की नाकाला पदर लावतात.

आणि ज्याची वस्तू, त्याला पुढच्या रांगेत बसवायचं, हा तिचा नियम. एका प्रयोगात आमच्या नायकानं ऐन भांडणात आरामखुर्चीवर पाय ठेवला. पहिल्या रांगेतून खुर्चीचे मालक उठून ओरडले, "पाय खाली घे गा! बाबांची खुर्ची आहे माझ्या!"
नायकानं मुकाट्यानं पाय खाली घेतला आणि उरलेलं भांडण उभ्यानं केलं.
विंगेत मंदाताई तोंडात पदर कोंबून हसत होती.

मला मागायची लाज वाटायची. मी तिच्या मागे लपून दारात उभी राहायचे.
"काहून लाजते? चोरी करून राहिलो का आपण?"
अजूनही अनोळखी दाराची बेल दाबताना लाजते. पण दाबते.

आजच्या नाटकात शेवटी आई घर सोडून निघते. तिच्यासाठी साडी शोधत मी सीताबर्डीचा सगळा बाजार पालथा घातला. प्रत्येक साडी कालच घेतल्यासारखी दिसायची.
मागच्या आठवड्यात मंदाताईनं तिचं कपाट उघडलं. पांढऱ्या फडक्यात बांधलेली साडी माझ्या हातात दिली.
"घे. ही लाइटमध्ये चमकणार नाही."
"अगं, जपून ठेवलेली दिसते."
"ठेवली आहे. घेऊन जा."

एवढंच बोलली.

आज साडी घेऊन मी तिच्या घरी गेले. मनीषा आईच्या उशाशी बसली होती. मी साडी तिच्या मांडीवर ठेवली.

"आई विसरली असेल का गं, हीच ती म्हणून?" मी विचारलं.

"विसरली असेल. नाटक आलं की ती आम्हालेही विसरे." मनीषा रडता रडता हसली.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "आता हीच नेसव बाई. मेलेल्या माणसाची इच्छा आहे."

मनीषानं साडीच्या काठावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"खरं सांग. आज प्रयोग होणार आहे का? नसेल होणार तर आत्ताच नेसवते. होणार असेल तर घेऊन जा. नुसती डिक्कीत नको ठेवू."

आमच्यातल्या निम्म्या लोकांचे मेसेज आले होते, आज नको करू या. दिग्दर्शकाचाही आला होता. खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

मी म्हटलं, "होणार."

तिनं साडी परत माझ्या हातात दिली.

मंदाताईला मग तिची रोजची पिवळी सुती साडी नेसवली. पोस्टात निघाल्यासारखी दिसत होती. आत्ता डबा मागेल असं वाटलं.

घाटावरून दिग्दर्शकाला फोन केला. "मी होणार म्हणून सांगून आले."
 तो म्हणाला, "बरं. सगळ्यांना बोलावतो."

आईचं काम करणारी शुभांगी आत्ता मेकअप रूममध्ये साडीकडे बघत बसली आहे.
"मले नाही जमणार वं ही नेसाले."
"तू नुसती उभी राहा. मी नेसवते."

सेट लागला आहे. पलंग महाल भागातल्या एका घरचा, आरसा धरमपेठेतला, स्टूल माझं. सगळी दारं मंदाताईनं वाजवलेली. ज्यांच्या वस्तू आहेत त्या सगळ्यांना फोन केलेत. या. पहिली रांग तुमची आहे.

प्रयोग झाला की साडी मनीषाला नेऊन देईन. पुढे तिचं काय करायचं ते तिनं ठरवावं.

आता फोन बंद करते. शुभांगी उभी राहिली आहे.

मंदाताई, तुला निरोप. डोळे भरून, आणि हातातलं काम न थांबवता.