लंडन ते मुंबई, नऊ तास

शिरपूरच्या आठवडी बाजारात ती मेथी विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी एका हातानं जुड्यांवर पाणी शिंपडत ती मोबाइलच्या नकाशावरचं इवलंसं विमान बघत होती.

"पोरगी लंडनहून येऊन राह्यली. नऊ तासात मुंबई!"

सगळ्यात कोवळी जुडी तिनं मुळांच्या मातीसकट ओल्या पोत्यात बाजूला ठेवली होती. मला हट्टानं तीच हवी झाली.

"ते नाई भेटत, बाई. लेकीची हाये. तुमाले लेकरं?"

"मुलगा. पुण्याला असतो."

"मंग तं जवळच हाये! एका रात्रीची गाडी. दर सनाले येतच असन."

मी हो म्हणून मान हलवली. दोन दिवाळ्या तो आला नव्हता.

तेव्हापासून मेथी मी दुसरीकडून घेते. जून असते, तरी.