हद्दीपलीकडचं घर

मी वाचायला शिकले ती बाबांच्या पत्रकांवर. बाबा कोल्हापुरात शिक्षक होते आणि शाळा सुटली की हद्दवाढीचे कार्यकर्ते. भोवतालची गावं महापालिकेत आली पाहिजेत, हे त्यांचं एकच मागणं. "पाणी शहराचं, बस शहराची, दवाखाना शहराचा, घरफाळा भरायचा म्हटलं की मात्र आम्ही खेडी!" हे वाक्य प्रत्येक पत्रकात असायचं. आई स्वयंपाक उरकून पत्रकांच्या घड्या घालायची, मी ती चौकात वाटायची. पुढं पत्रकं मीच लिहायला लागले. ते वाक्य मी कधी गाळलं नाही. मला ते आजही खरं वाटतं.

बाबा निवृत्त झाले आणि घरमालकानं जागा सोडायला सांगितली. आम्ही जन्मभर भाड्यानं राहिलेलो. शोधता शोधता दोन फ्लॅट नजरेत आले, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायत.

जेवताना बाबांनी हिशेब मांडला. पलीकडे मुद्रांक शुल्क एक टक्क्यानं कमी. बाईच्या नावावर घेतलं तर आणखी एक टक्का सूट. आणि दोन्हीकडच्या वर्षाच्या घरफाळ्यात एवढा फरक, की त्यात आईच्या गुडघ्याच्या औषधांचा खर्च निघत होता.

"बाबा, आपण पलीकडे जायचं?" माझा आवाज चढला. "तुम्ही?"

"अलीकडचा परवडत नाही," बाबा ताटाकडे बघत म्हणाले.

"मी कर्ज काढते."

"कशावर?" आई म्हणाली. "पत्रकं तारण ठेवणार हाईस व्हय?"

मी ताटावरून उठले. पलीकडचाच फ्लॅट ठरला, आईच्या नावावर.

नोंदणीच्या दिवशी आई लग्नातली साडी नेसून आली. फोटो, अंगठा, सह्या झाल्या. बाहेर येऊन तिनं बाबांना विचारलं, "म्हंजे आता मला कोण जागा सोडा म्हणणार न्हाय?"

"नाही," बाबा म्हणाले.

भांडी अजून खोक्यातच होती, तेव्हा गावातले चारपाच जण दारात आले. हद्दवाढीच्या विरोधात निवेदन द्यायचं होतं.

"पावणं, सही करा. हद्द वाढली की घरफाळा डोक्यावर बसतोय बघा." बोलणारा मधेच थांबला. "सर? तुम्ही? आमच्या विरोधात पत्रकं वाटायचा की वो तुम्ही!"

बाकीचे हसायला लागले. "शेवटी आमच्यातच आला की सर!"

बाबा ताठ झाले. "मी सही करणार नाही."

"तुमची नकोच, सर. मालकाची पाहिजे. पंचायतीच्या यादीत घर काकूंच्या नावावर हाय न्हवं?"

मला वाटलं, आई बाबांच्या तोंडाकडे बघेल. तिनं पदराला हात पुसले आणि त्या माणसाला विचारलं, "फाळा किती वाढंल?"

"कितीतरी पटीनं, काकू."

"आई, थांब," मी म्हणाले. "तुला माहीत आहे हे काय आहे ते."

"मला न्हाय माहीत? एवढी वर्सं घड्या कुणी घातल्या?" ती बाबांकडे वळली. "हद्द वाढावी का न्हाय, ते कधी इचारलंत मला? तुमच्या पेन्शनीत आत्ता कुठं भागतंय. उद्या फाळा झेपला न्हाय तर परत दुसऱ्याच्या घरात जायाचं?"

आईनं सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिथून रस्ता दिसतो, आणि त्याच्या पलीकडे शहर.

त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. मला राग आला होता, पण त्यातला किती तिच्यावर आणि किती बाबांवर, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. बाबा आणि मी चौकात समतेच्या गोष्टी करायचो, आणि घरातल्या बाईच्या नावावर घर झालं ते एका टक्क्याच्या सवलतीपायी. तेही सरकारच्या नियमातून आलं, आमच्या डोक्यातून नाही.

परवा हद्दवाढ समितीकडून फोन आला. नवं पत्रक हवंय. मी बसले आणि सवयीनं आधी तेच वाक्य लिहिलं, "आम्ही खेडी!" पर्यंत. मग पेन पुढं जाईना. आता त्या वाक्यात आई राहते.

बाबा मागून येऊन वाचून गेले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "छापून झाली की आण हिकडं. घड्या घालून देते."

मी कागद पालथा ठेवला.