मीटररूमच्या दारातली खुर्ची

वडील कुवेतला आमच्याकडे येऊन सात आठवडे झाले होते आणि कंटाळून कंटाळून माणूस पार सुकला होता. बत्तीस वर्षं परभणीकडच्या खेड्यांत वायरमन म्हणून खांबांवर चढउतार केलेली. इथे सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना हात लावायला काही उरलं नव्हतं. घरातल्या सगळ्या स्विचबोर्डांचे स्क्रू त्यांनी आवळले. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन उघडून धुतला. डोअरबेलचा आवाज मवाळ वाटला म्हणून ती उघडली, आणि मग ती वाजायचीच बंद झाली.

"इथं लाइटच जाईना," ते म्हणायचे. "माणसानं दिवसभर करावं काय?"

मी एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. त्या दिवशी माझी सुट्टी होती, जानेवारी होता आणि थंडी अशी की फरशीवर मोजे घालून चाललं तरी पाय दुखायचे. लेक नुकतीच शाळेतून आली होती. तीनच्या सुमारास एकदम अंधारून आलं, पाऊस सुरू झाला आणि मग बाल्कनीच्या पत्र्यावर कुणी खडीचा ट्रक ओतावा तसा आवाज. गारा! चांगल्या बोराएवढ्या. बघता बघता खालचा रस्ता, गाड्यांचे टप, कचऱ्याचे डबे सगळं पांढरं. समोरच्या इमारतीत माणसं खिडक्याखिडक्यांतून मोबाइल बाहेर काढून ओरडत होती. माझी नऊ वर्षांची लेक स्टीलच्या वाटीत गारा गोळा करत नाचत होती. सगळ्या कुवेतला आनंद झाला होता.

वडील तेवढे काचेपाशी उभे राहून म्हणाले, "गेला. गहू गेला."

"बाबा, कुणाचा गहू?"

त्यांनी खाली पाहिलं. डांबरी रस्ता, पार्किंग, पलीकडे बकाला, म्हणजे आमचं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. "तेही खरंच," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

पंधरा मिनिटांनी गारा थांबल्या आणि लाइट गेली.

लेकीनं जन्मात हे पाहिलं नव्हतं. "आई, व्हॉट हॅपन्ड?"

"लाइट गेली."

"वेअर डिड इट गो?"

 उत्तर वडिलांकडे होतं. ते ताडकन उठले. सात आठवड्यांत त्यांना इतक्या चपळाईनं उठताना मी पाहिलं नव्हतं. आधी बाल्कनीत जाऊन समोर पाहिलं. समोरच्या इमारतीत दिवे लख्ख. "त्यांची हाय. मंजे फॉल्ट आपल्याच बिल्डिंगीत," ते म्हणाले. मग कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "धडाडदिशी आवाज नाही झाला. कुणीतरी हातानं मेन स्विच पाडलाय." माकडटोपी घातली, स्वेटरवर माझ्या नवऱ्याचं जाकीट चढवलं, आणि लिफ्ट बंद म्हणून सहा मजले जिन्यानं उतरून गेले.

मी वर. आमची शेगडी विजेवरची, हीटर विजेवरचा, गरम पाणी विजेवरचं. लेकीला तीन स्वेटर घातले. राई भागातल्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात काम करणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. त्यांच्याकडे रस्त्यात गुडघाभर पाणी होतं, गाड्या अडकल्या होत्या.

"लाइट गेलीय आणि गारठलोय," मी सांगितलं.

"मग हीटर लाव ना," तो म्हणाला, आणि स्वतःच दोन सेकंदांनी म्हणाला, "बरं, राहू दे."

पाच वाजले तरी वडील आले नाहीत. मोबाइल त्यांनी घरीच ठेवला होता. मला भलतीच शंका आली. हा माणूस परदेशात कुणाच्या तरी पॅनेलमध्ये हात घालून बसला असणार. लेकीला घेऊन मी धावतच खाली गेले.

तळघरात घोट्याच्या वर पाणी होतं. त्याच्या कडेला, जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीच्या वर, मीटररूमच्या वाटेवर आडवी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून वडील बसले होते. मांडीवर गोधडीसारखं जाड ब्लँकेट. शेजारी आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, हातात टॉर्च धरून उभा. हा इजिप्तचा, पन्नाशीचा. पाणी आत शिरताना पाहून यानंच मेन पाडला होता, मीटररूमला कुलूप लावलं होतं आणि वीजखात्याला फोन केला होता. पाणी उपसल्याशिवाय हात लावणार नाही, असं तिकडून उत्तर आलं होतं.

"लई शहाणा माणूस हाय," वडील मला म्हणाले. "मी सांगायच्या आधीच त्यानं केलेलं. पण ह्याचं कुणी ऐकंना, मनून मी बसलो."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे आमचे रत्नागिरीकर शेजारी उतरून आले. कोपऱ्यावरचा तो बकाला त्यांचाच. इमारतीत मराठी बोलणारं आमच्याशिवाय तेवढं एकच घर. ते दर शुक्रवारी खैरानच्या समुद्रावर गळ टाकायला जातात आणि त्यांचा डीप फ्रीझर कायम काठोकाठ भरलेला.

"काका, माझे बारा किलो मासे आहेत हो आत. किल्ली द्यायला सांगा ह्याला. एकदाच हँडल वर करून बघू."

"पाण्यात उभं राहून?"

"गमबूट आहेत माझ्याकडे."

"माझ्या जोडीदाराकडंही होते," वडील म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "तो खांबावर होता. खाली एकानं एकदाच मनून हँडल वर केलं. त्याला पिठाची गिरणी चालू करायची होती. जोडीदार वाचला, पण पुन्हा कधी खांबावर चढला नाही. तुमचे मासे लई मोलाचे असतील, मी नाही मनत नाही."

मी त्यांची मुलगी, आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते.  शेजारी हळूच म्हणाले, "मग ह्या माशांचं करू काय?"

"ते मला विचारू नका. मी शाकाहारी."

त्यानंतर तासाभरात निदान सात-आठ जण किल्ली मागायला आले. केरळी, पंजाबी, सीरियन, एक तर स्वतःच इंजिनिअर. हारिसनं वडिलांना दोन शब्द शिकवले होते. मय्या म्हणजे पाणी आणि कहरबा म्हणजे वीज. वडिलांना एवढी शिदोरी पुरली. कुणी आलं की ते एक बोट पाण्याकडे करायचे, "मय्या!" दुसरं कुलपाकडे, "कहरबा!" आणि मग तळहात गळ्यावरून आडवा फिरवून, जीभ बाहेर काढून, डोळे पांढरे करायचे. इंजिनिअर काहीतरी समजावून सांगायला लागला, तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं करून दाखवलं. तो हसत वर गेला. लेक जिन्यात बसून प्रत्येक प्रयोगाला टाळ्या वाजवत होती.

शेजाऱ्यांनी शेवटी माशांचा निर्णय घेतला. वाळवंटात तंबू ठोकायला जाताना नेतात ती कोळशाची लोखंडी शेगडी त्यांच्याकडे होती. इमारतीच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी ती पेटवली आणि बारा किलो मासे खाली आणले. त्यांची बायको मसाला लावत होती, मी परात धरली होती. वास वरपर्यंत गेला असावा, कारण किल्ली मागायला न आलेली माणसंसुद्धा आता खाली यायला लागली. कुणी खुब्ज, म्हणजे इथल्या रोट्या, आणल्या, कुणी घडीची चटई. तिसऱ्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंनी कॅम्पिंगच्या गॅसवर मसुरीचं सूप केलं आणि पहिला वाडगा तळघरात पाठवला. सात वर्षं मी त्या इमारतीत राहत होते आणि लिफ्टमध्ये छताकडे बघण्यापलीकडे आमचा कुणाशी संबंध नव्हता.

वडिलांना कोळशापाशी बोलवायला मी गेले, तर खुर्ची सोडायला तयार नाहीत. शेवटी हारिसनं मीटररूमची किल्लीच त्यांच्या खिशात घातली, तेव्हा कुठे उठले. माशांपासून चांगले चार हात लांब बसून त्यांनी सूप आणि खुब्ज खाल्लं. दोन वाडगे. मग तिसरा.

आठच्या सुमारास नवरा आला. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पिशवीत मेणबत्त्यांची दोन पाकिटं. दारात धूर, तीस-चाळीस माणसं, मुलं पळतायत, सासरे मध्यभागी ब्लँकेट पांघरून.

"कुणाचं लग्न आहे?" त्यानं मला विचारलं.

"बस आणि हमूर मासा खा," मी म्हटलं. "थोडाच उरलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप आला, रात्रीतून गुडघ्यापर्यंत चढलेलं पाणी उपसलं गेलं आणि वीजखात्याची दोन माणसं आली. त्यातला एक तेलंगणाचा, हिंदी बोलणारा. पॅनेल उघडून त्यानं टॉर्च मारला आणि आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर सुकलेल्या चिखलाची रेघ दाखवली. "यहाँ तक पानी था," तो म्हणाला. "रात में किसी ने चालू नहीं किया, बच गए." शेजारी तिथेच उभे होते. ते दुकानात जाऊन वडिलांसाठी बिस्किटांचा अख्खा खोका घेऊन आले.

साफसफाई, तपासणी, सगळं दुपारपर्यंत चाललं. वडील त्या माणसाच्या खांद्यामागून हलले नाहीत. दोघांचं बोलणं निम्मं हिंदीत, निम्मं हातांनी. मध्येच त्या माणसानं आपले रबरी हातमोजे काढून कट्ट्यावर ठेवले. कोपरापर्यंत येणारे, नारिंगी, जाडजूड. वडिलांनी ते उचलले, उलटेपालटे केले, वास घेतला, बोट खुपसून कुठे भोक आहे का पाहिलं.

"घालून बघू का?" त्यांनी मला विचारायला सांगितलं.

तो हसून म्हणाला, घाला की.

त्यांनी दोन्ही हातमोजे कोपरापर्यंत चढवले, हात पुढे धरून बोटं उघडमीट केली. "बत्तीस वर्षांत आमच्या अख्ख्या सेक्शनला एक जोड होता," ते म्हणाले, "आणि तो साहेबांच्या कपाटात." मग माकडटोपी नीट केली, पॅनेलशेजारी ताठ उभे राहिले आणि मला म्हणाले, "काढ बरं एक फोटो."