उसनी आजी

मी वाशीत म्हाताऱ्या माणसांसाठी घर काढलं तेव्हा पहिली पंचाईत झाली ती शेजाऱ्यांची. हे नक्की आहे तरी काय, तेच कोणाला कळेना. एका रो-हाऊसात सहा-सात म्हातारी माणसं आणि मधोमध मी. मला ना नवरा, ना पोरं, आणि मुंबईच्या इस्पितळात सिस्टर म्हणून वर्षानुवर्षं सगळ्यांवर डाफरून आलेली. समोरच्या बाईने तर एकदा सरळच विचारलं, "तुमच्या घरात इतक्या सासवा कशा हो?" मी म्हटलं, "स्वस्तात मिळाल्या." ती हसली नाही. तिला ते खरं वाटलं असावं.

आता वाटतं, तिची तरी काय चूक? ऐंशीनंतरची ती वाशी म्हणजे तरण्याताठ्या जोडप्यांचं गाव. नोकरीवाला नवरा, नवी बायको, एखादं मूल, संपलं. आईवडील मागे गावी नाहीतर परळच्या खोलीत. रस्त्यावर काठी टेकत चाललेलं माणूस दिसलं की ते आमच्याकडचंच समजायचं, आणि बहुतेक वेळा घर चुकलेलं. घरंही मेली सगळी एका साच्यातली. आमचे एक आजोबा दोनदा पलीकडच्या घरात जेवून आले आणि मला म्हणाले, आज भाजी बरी होती. ते भलत्याच घरात शिरले याचा मला राग आला नाही, भाजीचा आला.

मग समोरची ती बाळंत झाली. तिची आई आली होती, पण गावाकडे कोणी आजारी पडलं म्हणून घाईघाईने परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आमच्या दारात. वाटीभर साखर मागावी तसं म्हणाला, "तुमच्याकडची एखादी आजी मिळेल का? बाळाला न्हाऊ घालायला. आम्हाला दोघांनाही भीती वाटते, हातातून निसटेल म्हणून."

म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं म्हणून मी हे घर काढलं होतं. त्यांना कोणी कामाला मागेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी नियम शोधत होते आणि नियम मीच करायचे होते. तेवढ्यात साताऱ्याकडच्या आजी उठल्या, पदर खोचला आणि त्याला म्हणाल्या, "पानी तापाय ठेवलंय का न्हाई?"

या आजींना त्यांच्या मुलाने "थोडे दिवस" म्हणून आणून सोडलं होतं. नेरूळला नुकती कुठे वस्ती होत होती, तिथे त्याने एका खोलीचं घर घेतलं होतं. सून आणि सासूचं पटत नव्हतं. आल्यापासून आजी खिडकीशी बसून असत आणि स्कूटरचा आवाज आला की मान वर करत. कोणाशी बोलणं नाही. मला वाटायचं, या फार टिकायच्या नाहीत.

त्या दिवशी तासाभराने परत आल्या त्या वेगळ्याच. तेलाचा, हळदीचा आणि ओव्याच्या धुरीचा वास घेऊन आल्या. "पाय सोडून बसलं, पोरगं नडग्यांवर घेतलं, आणि काय सांगू सिस्टर, गप पडून ऱ्हायलं," म्हणाल्या आणि जेवायला दोन भाकऱ्या मागितल्या. मी तेव्हा चपात्या केल्या होत्या. त्याच दिल्या.

पुढे हे वाढतच गेलं. बाळंतिणीचा डिंकाचा लाडू कसा करायचा, गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, कैरीला मीठ किती, काहीही असो, लोक आमच्याकडे. आणि आमच्या आज्या प्रत्येक मुलखातल्या, म्हणून उत्तरंही प्रत्येक मुलखातली. एका घरी पाचवीच्या पूजेला पाटा-वरवंटा हवा होता. त्यांच्याकडे होता मिक्सर. साताऱ्याकडच्या आजी म्हणाल्या, आमचा पाटा न्या. मिठागरावर जन्म काढलेल्या इथल्याच गावच्या एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, "त्यात वाटतान ना? मंग तोच पुजा." त्या बिचाऱ्यांनी दोन्ही पुजले. मिक्सरच्या भांड्याला हळदकुंकू लावलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला कळेना, मी म्हाताऱ्यांचं घर चालवते की लग्नाची भांडी भाड्याने द्यावी तशा आज्या देते. कधी वाटायचं हे बंद करावं, वय झालेल्या बायका, कुठे पाय घसरला तर? आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या चुरूचुरू बोलत नाश्ता करताना दिसल्या की वाटायचं, बाई, तू गप बस.

अशात साताऱ्याकडच्या आजींचा मुलगा येऊन सांगून गेला, सुनेला दिवस गेलेत. झालं. आजींनी गाठोडं बांधायला घेतलं. आपल्या मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी, लंगोट, हाताने शिवलेली कुंची, वेखंडाचं कांडं. समोरच्यांच्या बाळाला अंघोळ घालताना म्हणायच्या, "ह्यो सराव हाय. खरं बाळ नेरूळला यायचंय." त्या घरी परत जाणार, हे मीही धरून चालले होते. त्यांच्या खाटेसाठी कोणी विचारलं तर मी सांगायचे, थांबा थोडं, ती रिकामी होणार आहे.

मुलगा आला तो बर्फी घेऊनच. मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण घरी आली होती. बर्फी माझ्या हातावर ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, तुमच्याकडून न्हाऊ घालायला आजी मिळते म्हणे. आमच्या शेजारच्या बाई सांगत होत्या."

मी म्हटलं, "मिळते म्हणजे? आई आत तयारच आहेत."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आई नको. दुसरी कोणी द्या. आई आली की परत जायचं नाव काढणार नाही. बाहेरची बाई असली की काम झालं की जाते."

मला खरंच कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. याला हाकलून द्यावं, तर त्या बाळाने काय केलंय? द्यावी दुसरी, तर ही आत बसलेली? मागे वळले तर आजी दारातच उभ्या. पायात चपला, काखेत गाठोडं, तोंडभर हसू. ते हसू तसंच राहिलं, नुसतं, विसरल्यासारखं. आमचं घर एवढंएवढं, पुढच्या खोलीतलं मागे ऐकू जायचंच.

"आई, तुला कशाला त्रास," मुलगा म्हणाला.

आजींनी चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या. मग मिठागरवाल्या आजींकडे गेल्या आणि गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तुमी जावा. पानी कडकडीत नगं. आमच्यातली पोरं कातडीनं नाजूक असत्यात. ह्यो बी असाच हुता." ह्यो म्हणजे तिथे उभा असलेला तो.

"मी नाय जायाची," मिठागरवाल्या आजी म्हणाल्या. "तुजी नात हाय, बाय."

"जावा म्हनते ना. बाळ बिनअंघोळीचं ऱ्हाईल."

त्या गेल्या. मुलाच्या स्कूटरवर मागे, गाठोडं पोटाशी धरून. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. आजी खिडकीशी बसल्या, पहिल्यासारख्या. जेवल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, उद्यापासून कोणालाच पाठवत नाही. काय करायला हवं होतं ते मला अजूनही सांगता येत नाही, आणि कोणी सांगायला आलं की मला राग येतो.

दुपारी स्कूटर थांबली. मिठागरवाल्या आजी आत आल्या आणि सरळ मोरीकडे निघाल्या, हात धुवायला. साताऱ्याकडच्या आजी एकदम उठल्या. "थांबा," म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे-सुलटे पाहिले आणि नाकाशी नेले. डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मग हात सोडून म्हणाल्या, "टाळूवर तेल कमी पडलंय. उद्या जरा जास्त घाला."