सांभाळायला दिलेली खुर्ची

जेराल्डा मिशोला आपला आवाज आवडतो, हे तिला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर तो आवाज शाळेच्या बसमध्ये "खाली बसा रे!" म्हणण्यात आणि नवरा गेल्यापासून कुत्र्याशी बोलण्यात खर्च व्हायचा. सेंट जॉन नदीच्या काठावरचं सेंत-रोझ हे तिचं गाव. नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे बटाट्याची शेतं, आणि अमेरिकेतल्या मेन राज्याची राजधानी ऑगस्टा गाडीनं पाच तासांवर. एवढ्या लांबून आपलं कोण ऐकणार, असं गावाला वाटायचं. पण आल्सिड लावोआ तिथं जाऊन ऐकवून यायचा.

आल्सिडनं आमदारकीच्या दोन-दोन वर्षांच्या सलग चार मुदती काढल्या. राज्याचा कायदा असा, की चार झाल्या की पाचवीला उभं राहायचं नाही. एक मुदत घरी बसा, मग हवं तर परत या. त्यातलं 'परत या' तेवढं खोऱ्यानं नीट ऐकलं आणि त्यातून पद्धतच पडली. उठणाऱ्यानं भरवशाचं माणूस बघायचं, दोन वर्षं खुर्चीवर बसवायचं आणि मग ते उठलं की आपण बसायचं. कुणी बायकोला बसवी, कुणी मेव्हण्याला. आल्सिडच्या बायकोनं, फर्नांदनं, साफ सांगितलं, "माझी पाठ काय लाकडाची आहे, दर आठवड्याला ऑगस्टा करायला?" तेव्हा तो बसच्या आगारात येऊन उभा राहिला.

"पोरी, दोन वर्षं खुर्ची सांभाळशील?"

"मोनोंक, मला काय कळतंय तिथलं?" खोऱ्यात वडीलधाऱ्याला काका म्हणायचं ते असं.

"त्यात कळायचंय काय? मागं आरडाओरडा चालू असतो, आपण समोर बघायचं. बसमध्ये दुसरं काय करतेस?"

"आणि दोन वर्षांनी?"

"दोन वर्षांनी मला जागा द्यायची. म्हातारा माणूस आहे, उभा ठेवू नकोस."

ती खदखदून हसली आणि त्याच्या हातावर हात मारून म्हणाली, "दिला शब्द."

पहिलं वर्ष सोपं गेलं. दर रविवारी आल्सिडचा फोन यायचा. कशाला हो म्हणायचं, कशाला नाही, कुणाच्या गोड बोलण्यावर जायचं नाही. ती मान डोलवायची, तसंच करायची. मग एकदा खोऱ्यातल्या इस्पितळाचा बाळंतपणाचा विभाग बंद करायची गोष्ट निघाली. आल्सिडनं सांगितलं होतं, "नुसतं विरोधात मत दे. बोलू नकोस, बोललं की ते चिडतात." पण ती उठली.

"मी बस चालवते," ती म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात बर्फात रस्ता बंद पडला, आणि एका बाईचं बाळंतपण मी बसच्या बाकावर केलं. तुमच्यापैकी कुणाला करून बघायचंय? बाक दाखवते."

सभागृह आधी हसलं, मग मतदान झालं. विभाग वाचला. सभापतींनी जाताना तिचा हात हातात घेतला. परतीच्या पाच तासांत तिनं रेडिओ लावलाच नाही. आपलंच भाषण पुन्हा पुन्हा म्हणत आली. त्यानंतर रविवारी फोन वाजला की ती वाजू द्यायची. "चर्चमधून उशिरा आले, मोनोंक," असं नंतर सांगायची. चर्च तिच्या दारातून दिसायचं.

फेब्रुवारीत पक्षाची गावबैठक असते. कायद्यानं तिला फारशी किंमत नाही, पण तिथं ठरलेल्या नावाविरुद्ध कुणी उभं राहत नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी गॅरेजवाला लुदजेर तिच्या गाडीचं तेल बदलत होता.

"काय गं, खरंच उठणार तू?"

'हो' एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, "लोकांच्या मनात असेल ते."

लुदजेरनं गाडीखालून डोकं बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर ती बोलली होती.

चर्चच्या सभागृहात कोंबडीचा रस्सा आणि कुट्टूची धिरडी वाढली होती. पुढच्या टेबलावर आल्सिड, तपकिरी कोटात, दाढी गुळगुळीत करून आलेला. शेजारी फर्नांद. ठरलं असं होतं, की जेराल्डानं उठायचं आणि त्याचं नाव पुढं करायचं.

"हं, आमदारकीसाठी नाव?" अध्यक्षांनी विचारलं.

जेराल्डानं खुर्ची मागं सरकवायच्या आतच लुदजेर ओरडला, "जेराल्डाच राहू दे की!"

"खरंच की!" मागून कुणी तरी म्हणालं. थोड्या टाळ्या पडल्या. मग सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

एक वाक्य पुरलं असतं. 'नाही, मी शब्द दिलाय.' ते तिच्या जिभेवर आलंही होतं. ती रश्श्याच्या वाडग्यात बघत राहिली. चमचा उचलला, पुन्हा ठेवला.

आल्सिड थांबला. मग टेबलाला धरून उठला.

"अनुमोदन माझं," तो म्हणाला. "मला तरी आता पाच तास कुठं दम धरवतोय? दर पेट्रोल पंपावर उतरावं लागतं."

सभागृह खो-खो हसलं. जेराल्डाही हसली. पुढं कित्येक दिवस तिला गप्प बसण्यापेक्षा ते हसणं जास्त जाळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या दारात गेली. फर्नांदनं दार उघडलं, पण ती बाजूला झाली नाही.

"मातांत, मोनोंक आहेत?" काकूला इकडं मातांत म्हणतात.

"निजलाय." आतून टीव्हीचा आवाज येत होता.

"मला वाटलं नव्हतं असं होईल..."

"जेराल्डा, कायद्यानं माझ्या नवऱ्याला उठवलं, ते आम्ही सोसलं. कायदा सगळ्यांनाच उठवतो. पण तू कायदा नाहीस."

"मी नाव मागं घेते. अजून वेळ आहे."

"घेतेस?"

जेराल्डाचा हात दाराच्या चौकटीवर होता. चौकटीच्या रंगाचा एक पोपडा तिनं नखानं उचकटला.

"बघ," फर्नांद हळूच म्हणाली. "विचारलं की गप्प बसतेस. तिकडं मात्र म्हणे फार सुंदर बोलतेस."

दार बंद झालं.

वेळ खरंच होता. आज बर्फ पडतंय, उद्या अधिवेशन आहे, परवा इस्पितळवाले भेटायला येणार आहेत. त्यांना मधेच कसं सोडायचं? प्रत्येक कारण खरं होतं, आणि प्रत्येक कारण सापडलं की तिला जरा हायसं वाटायचं.

जूनमध्ये पक्षाचं मतदान झालं. विरोधात कुणीच नव्हतं. गावच्या कचेरीच्या पायऱ्यांवर आल्सिड समोरून आला, एकटाच. जेराल्डा थबकली. त्यानं चांगलं खडसावावं, लोकांसमोर शिवी घालावी, असं तिला मनापासून वाटलं.

"मोनोंक..."

त्यानं टोपी काढली आणि दुसऱ्या हातानं दार उघडून धरलं.

"आधी तुम्ही, आमदारबाई," तो म्हणाला.

मागं लोक खोळंबले होते. ती आत गेली.